बालवीर पथकाचे सभागृह : ब्रिटनमधील लोकवर्गणी, श्रमदान आणि मालकीचा प्रश्न

प्रस्तावना

बालवीर चळवळीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा तिच्या संस्थापकाकडे, तिच्या प्रतिज्ञेकडे आणि तिच्यावर झालेल्या लष्करीपणाच्या आरोपाकडे जाते. पथक दर आठवड्याला ज्या खोलीत जमत असे त्या खोलीचा इतिहास मात्र सहसा लिहिला जात नाही. ब्रिटनमधील कित्येक गावांत व उपनगरांत चर्चच्या मागे, रेल्वेमार्गाच्या कडेला किंवा क्रीडांगणाच्या कोपऱ्यात एक लांबट, साधी, बव्हंशी लाकडाची किंवा पत्र्याची इमारत आढळते. तिला ‘स्काऊट हट’ म्हणतात. पुढे विटांचे पक्के बांधकाम झाले तरी ‘हट’ हे नाव सुटले नाही. वास्तुशास्त्राच्या दृष्टीने या इमारतींत पाहण्यासारखे फारसे काही नाही. त्या कोणी बांधल्या, कशा बांधल्या आणि बांधून झाल्यावर कोणाच्या नावावर राहिल्या, हा प्रश्न मात्र सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने ब्रिटनमधील या सभागृहांचा मागोवा घेतला असून, अखेरच्या भागात अमेरिकेतील व भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, वेगळ्या वाटचालीशी त्याची तुलना केली आहे.

रानातली चळवळ छपराखाली येते

रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १ ते ८ ऑगस्ट १९०७ या काळात ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर घेतले. जानेवारी १९०८ पासून ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक पाक्षिक भागांच्या रूपाने प्रसिद्ध होऊ लागले. या लेखनाचा सारा भर मोकळ्या आकाशावर होता. माग काढणे, चूल पेटवणे, तंबू ठोकणे, तारे ओळखणे अशा विद्यांना सभागृहाची गरज नव्हती. परंतु शिबिर वर्षातून एखाददुसरे होते आणि पथकाची बैठक दर आठवड्याला होती. ती साधारणतः संध्याकाळी, मुलांची शाळा किंवा काम सुटल्यावर भरत असे. इंग्लंडमध्ये ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत त्या वेळी काळोख, पाऊस आणि थंडी यांचेच राज्य असते. खुल्या हवेचा पुरस्कार करणाऱ्या चळवळीला पहिल्या हिवाळ्यातच छप्पर शोधावे लागले ते यामुळे.

हे छप्पर आरंभी उसनेच होते. कोणाच्या तबेल्यावरचा माळा, कोणाचे तळघर, शाळेची वर्गखोली, चर्चचे सभागृह किंवा स्थानिक सैन्यदलाचा कवायत-हॉल, जेथे जागा मिळेल तेथे पथक जमे. १९१० पर्यंत ब्रिटनमधील बालवीरांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली होती. एवढ्या मुलांना सामावून घेण्याइतकी साधने मध्यवर्ती कार्यालयाकडे नव्हती आणि ती पुरवण्याची त्याची इच्छाही नव्हती. पथकाने आपली सोय आपण पाहावी, हेच धोरण होते.

उसन्या छपराबरोबर अटीही येत. विल्यम स्मिथ यांनी १८८३ मध्ये ग्लासगो येथे स्थापन केलेल्या ‘बॉइज ब्रिगेड’चे उदाहरण समोर होते. तिची प्रत्येक तुकडी कोणत्या ना कोणत्या चर्चशी जोडलेली असे. त्यामुळे जागेचा प्रश्न सुटत असे, पण तुकडीचे स्वरूपही त्या चर्चच्या चौकटीत राही. बालवीर पथकांपैकी अनेकांनी हाच मार्ग धरला. काही पथकांत तर त्या त्या चर्चच्या अनुयायांची मुलेच घेतली जात. दुसरीकडे कवायत-हॉलमध्ये जमणाऱ्या पथकावर सैनिकी छाप पडण्याचा धोका होता आणि हा धोका काल्पनिक नव्हता. चळवळीचा लष्करी कल व मध्यवर्ती कार्यालयाचा एकतंत्री कारभार यांवरून सर फ्रान्सिस व्हेन यांनी १९०९ मध्ये वेगळी वाट धरली. ज्या मुलांच्या पथकाला धर्मपंथ आणि पलटण या दोहोंपासून अंतर राखायचे होते, त्याला स्वतःची चार भिंतींची जागा हवी होती. स्वतंत्र सभागृहाच्या मागणीचे मूळ सोयीपेक्षा या गरजेत अधिक आहे, असे मानण्यास जागा आहे.

या मागणीला चळवळीच्या कार्यपद्धतीनेही बळ दिले. रोलंड फिलिप्स यांनी १९१४ च्या आपल्या पुस्तकात संघपद्धतीची मांडणी केली. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा एक संघनायक आणि असे तीन-चार संघ मिळून एक पथक, ही रचना त्यांनी चळवळीचा गाभा मानली. सभागृहात तिला जागेचे रूप मिळाले. मध्ये खेळासाठी मोकळी जागा आणि चार कोपऱ्यांत चार संघांचे ‘कोपरे’. प्रत्येक कोपऱ्यात त्या संघाचा ध्वज, गाठींचा फळा, मुलांनी खोक्यांपासून केलेली बाके आणि एखादे कुलूपबंद कपाट. मंगळवारी बायबल-वर्गासाठी आणि गुरुवारी शिवणवर्गासाठी रिकामी करून द्यावी लागणाऱ्या खोलीत असा कोपरा टिकणे शक्य नव्हते. भिंतीला खिळा ठोकण्याचा अधिकार ही बारा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती आणि तो अधिकार भाड्याच्या किंवा दयेच्या जागेत मिळत नसे.

युद्धातून उरलेले लाकूड

पहिल्या महायुद्धाने स्काऊटमास्तर नेले आणि इमारती दिल्या, असे थोडक्यात म्हणता येईल. रोलंड फिलिप्स स्वतः जुलै १९१६ मध्ये सोमच्या लढाईत कामी आले. पूर्व लंडनमधील स्टेपनी ग्रीन येथे त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेले जुने घर त्यांच्या पश्चात बालवीरांकडे आले आणि ‘रोलंड हाउस’ या नावाने त्या गरीब वस्तीतील पथकांचे केंद्र बनले. एका श्रीमंत घराण्यातील तरुणाच्या दानाचे हे उदाहरण उदात्त असले तरी अपवादात्मक होते. बहुसंख्य पथकांना असा दाता लाभला नाही. त्यांच्या उपयोगी पडली ती युद्धकालीन बांधकामाची शिल्लक.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये लाखो स्वयंसैनिकांना राहण्यासाठी तातडीने छावण्या उभाराव्या लागल्या. मेजर आर्मस्ट्राँग या अभियंत्याने त्यासाठी जो नमुना आराखडा केला, त्यातील निवासी हट सुमारे ६० फूट लांब व २० फूट रुंद असून तीत तीसएक सैनिक झोपत. सुटे भाग जोडून ती उभी राही आणि तशीच उतरवताही येई. युद्ध संपताच अशा असंख्य हट सरकारने विक्रीस काढल्या. ग्रामसभागृहे, माजी सैनिकांचे क्लब आणि बालवीर पथके हे त्यांचे स्वाभाविक गिऱ्हाईक ठरले. तीस सैनिकांसाठी आखलेली खोली तीस मुलांच्या पथकाला नेमकी पुरत होती. मोडलेली हट मालगाडीने किंवा घोडागाडीने गावात येई. गावातील सुतार, गवंडी आणि मुलांचे वडील शनिवार-रविवारी ती जोडत. खाली विटांचे ठेंगणे खांब किंवा रेल्वेचे जुने स्लीपर, वर पत्रा किंवा डांबरी कागद आणि मध्ये लोखंडी शेगडी एवढ्यावर सभागृह तयार होई. लष्करीपणाचा आरोप पुसू पाहणाऱ्या चळवळीची हक्काची घरे लष्कराच्याच लाकडातून उभी राहिली, यातील विसंगती त्या काळी कोणाला फारशी बोचलेली दिसत नाही.

श्रमदानाची हीच रीत मोठ्या प्रमाणावर गिलवेल पार्क येथे दिसते. लंडनच्या सीमेवरील चिंगफर्डजवळची ही ओसाड पडलेली मालमत्ता १९१९ मध्ये डब्ल्यू. एफ. द ब्वा मॅक्लारेन या स्कॉटिश आयुक्तांच्या देणगीतून ७,००० पौंडांना घेण्यात आली. पैसा एका व्यक्तीचा होता, परंतु जागा वापरण्यायोग्य केली ती पूर्व लंडनच्या तरुण रोव्हर बालवीरांनी. ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी, १७ एप्रिल १९१९ रोजी, त्यांची पहिली तुकडी पोचली तेव्हा जमीन इतकी ओली होती की तंबू ठोकता आले नाहीत. ती रात्र त्यांनी एका मोडक्या झोपडीवजा गोठ्यात काढली आणि त्याला ‘डुकरांचा गोठा’ असे नाव दिले. तो गोठा पुढे मुद्दाम जतन करण्यात आला. देणगीदाराच्या नावाइतकेच मोल राबणाऱ्यांच्या पहिल्या निवाऱ्याला देण्याची ही वृत्ती लक्षात घेण्याजोगी आहे.

पैसा, जमीन आणि विश्वस्त

हट स्वस्त असली तरी फुकट नव्हती आणि बालवीराने हात पसरू नये असा चळवळीचा दंडक होता. काटकसर हा बालवीराच्या नियमांतील एक नियम, आणि पैसा मागण्याऐवजी कमवावा हे त्याचे व्यवहारातील रूप. त्यामुळे निधी गोळा करण्याचे एक स्वतंत्र तंत्रच विकसित झाले. जुन्या कपड्यांची व वस्तूंची विक्री, घरी केलेल्या केकचे व मुरंब्याचे विक्रीटेबल, मुलांचे गाण्या-नकलांचे कार्यक्रम, रद्दी गोळा करणे, एकेका विटेची किंमत ठरवून ती ‘विकत’ देणे असे त्याचे प्रकार होते. काही ठिकाणी पत्त्यांच्या खेळाच्या संध्याकाळी भरवल्या जात. मेथडिस्ट पंथीयांचा मात्र जुगारसदृश प्रत्येक गोष्टीला विरोध असल्याने चर्चशी जोडलेल्या पथकांत तेवढ्यावरूनही वाद होत.

यांतील मुलांच्या कार्यक्रमांना पुढे राष्ट्रीय कीर्ती लाभली. राल्फ रीडर यांनी १९३२ मध्ये लंडनच्या स्काला नाट्यगृहात बालवीरांचा जो पहिला ‘गँग शो’ बसवला, त्याचा हेतू डाउन येथील शिबिरस्थळावर पोहण्याचा तलाव बांधण्यासाठी पैसा उभा करणे हा होता. तलावासाठी सुरू झालेला हा प्रकार इतका रुजला की गावोगावच्या पथकांनी आपापल्या छपरासाठी त्याची अनुकरणे केली. १९४९ मध्ये ईस्टरच्या सुमारास ‘बॉब-अ-जॉब’ सप्ताह सुरू झाला. ‘बॉब’ म्हणजे एक शिलिंग. गणवेशातील मुलगा दार ठोठावून काम मागे, गाडी धुणे, बूट पुसणे, बागेतील गवत कापणे असे काम करी आणि शिलिंग घेऊन घरमालकाच्या दारावर ‘काम झाले’ अशी चिठ्ठी लावी. भारतातील पथकांत याच कल्पनेला ‘खरी कमाई’ असे अर्थपूर्ण नाव मिळाले. साठ-सत्तरच्या दशकांत शाळेत शिकलेल्या अनेकांना ती कार्डे आठवत असतील.

या साऱ्या खटाटोपात स्त्रियांचा वाटा फार मोठा होता, पण तो कागदोपत्री क्वचितच आढळतो. विक्रीटेबल मांडणाऱ्या, चहा करणाऱ्या, पडदे शिवणाऱ्या मातांशिवाय एकही सभागृह उभे राहिले नसते. विश्वस्तपत्रावर मात्र नावे येत ती बँक व्यवस्थापकाची, वकिलाची आणि पाद्रीमहाशयांची.

विश्वस्तपत्राचा हा मुद्दा थोडा विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. इंग्लंडच्या कायद्यात बालवीर पथकासारख्या अनोंदणीकृत मंडळाला स्वतःच्या नावावर जमीन धारण करता येत नाही. म्हणून जमिनीचा भाडेपट्टा किंवा खरेदीखत काही विश्वस्तांच्या नावे करावे लागे. विश्वस्त मरण पावत, गाव सोडून जात, आणि तीस वर्षांनी कागद शोधू लागावे तर नावे असलेल्यांपैकी कोणीच हयात नसे. या अडचणीवर उपाय म्हणून मध्यवर्ती संघटनेने स्वतःच विश्वस्त मंडळ स्थापून मालमत्ता आपल्या नावे पण पथकाच्या उपयोगासाठी धारण करण्याची सोय केली. तरीही गट हा स्वतंत्र धर्मादाय संस्थाच राहिला. तो बंद पडला तर त्याची मालमत्ता सभासदांत वाटली न जाता संघटनेच्या जिल्हा शाखेकडे जाते. लोकवर्गणीतून उभारलेल्या वास्तूचे वर्गणीदार तिचे मालक नसतात आणि तिच्या उपयोगाचा हक्क मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या मुलांकडे राहतो, अशी ही व्यवस्था आहे. मराठी वाचकाला येथे सार्वजनिक वाचनालयाच्या घटनेची आठवण होणे साहजिक आहे.

जमीन बहुधा नगरपालिकेची, जमीनदाराची, चर्चची किंवा रेल्वेची असे आणि नाममात्र भाड्याने, वीस-एकवीस वर्षांपासून नव्व्याण्णव वर्षांपर्यंतच्या मुदतीने मिळे. देताना ती कोणालाच नको असलेली जमीन होती. मुदत संपेपर्यंत उपनगरे वाढली, भाव चढले आणि त्याच कोपऱ्यावर घरे बांधण्याची मागणी येऊ लागली. अनेक पथकांपुढील खरे संकट गळक्या छपरापेक्षा या मुदतीचे होते.

दुसऱ्या युद्धानंतर

दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांत कित्येक हट जळाल्या, तर काहींचा हवाई हल्ल्यापासून बचावाच्या कामी उपयोग झाला. युद्धानंतर पुनर्बांधणीची निकड घरांची होती. खाजगी बांधकामाला परवाना लागे आणि हा निर्बंध १९५४ पर्यंत राहिला. लाकूडही नियंत्रित होते. परिणामी पथके पुन्हा एकदा लष्कराच्या जुन्या हटकडे वळली. पन्नास-साठच्या दशकांत मात्र परिस्थिती पालटली. मुलांची संख्या वाढली, नवी वसाहतनगरे उभी राहिली आणि वडीलधाऱ्यांत प्लंबर, वीजतंत्री, गवंडी असे कुशल कामगार होते. विटांची, सपाट छपराची, सिमेंट-ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांची सभागृहे या काळातली. १९६१ च्या कायद्याने धर्मादाय संस्थांच्या इमारतींना स्थानिक करात निम्मी सूट सक्तीची केली आणि १९८८ च्या कायद्यानंतर ती ८० टक्क्यांवर गेली. या सवलतीविना अनेक लहान पथकांना इमारत राखता आली नसती.

याच काळात सभागृहाचे स्वरूप हळूहळू बदलले. ते आठवड्यातील दोन-तीन संध्याकाळी वापरात येई, उरलेला वेळ रिकामे असे. १९६१ पासून पालकांनी चालवलेल्या शिशुगटांची चळवळ ब्रिटनमध्ये फोफावली आणि तिला सकाळची जागा हवी होती. बालवीरांच्या हटमध्ये सकाळी शिशुगट, दुपारी वृद्धांचा क्लब, निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्र आणि शनिवारी वाढदिवस असा क्रम लागला. भाड्यातून विजेचे बिल निघू लागले. मुलांसाठी बांधलेली जागा साऱ्या वस्तीची झाली, हे या प्रयत्नांचे न ठरवलेले फळ म्हणावे लागेल. मुलींना २००७ पासून ब्रिटनमधील सर्व गटांत प्रवेश मिळाला. त्याआधी १९९१ पासून तो ऐच्छिक होता. केवळ मुलग्यांसाठी बांधलेल्या इमारतींत स्वच्छतागृहांची फेररचना करणे त्यामुळे भाग पडले. ॲस्बेस्टॉसवर १९९९ मध्ये पूर्ण बंदी आली आणि साठच्या दशकातील स्वस्त छपरे सांभाळणे हेच एक खर्चाचे कलम बनले.

स्थानिक सभागृहांच्या तुलनेत लंडनमधील ‘बेडन-पॉवेल हाउस’चे भाग्य बोलके आहे. संस्थापकाच्या १९४१ मधील निधनानंतर जमवलेल्या स्मारक निधीतून, राल्फ टब्स यांच्या आराखड्यानुसार ही भव्य वास्तू उभी राहिली. १९५९ मध्ये तिची कोनशिला बसली आणि १२ जुलै १९६१ रोजी राणी एलिझाबेथ यांनी उद्‌घाटन केले. २०२० मध्ये कोविडच्या साथीने उत्पन्न आटल्यावर मध्यवर्ती संघटनेने जी मालमत्ता विक्रीस काढली, तीत ही वास्तू होती. त्याच साथीत गावोगावच्या हटही कुलूपबंद झाल्या होत्या. परंतु त्या विकायच्या की राखायच्या, हा निर्णय लंडनमध्ये होणार नव्हता.

दुसऱ्याच्या छपराखाली : अमेरिका आणि भारत

अमेरिकेत पथकाची सनद पथकाला न मिळता चर्च, शाळा, रोटरीसारखे क्लब अशा यजमान संस्थेला मिळते. १९३० च्या मंदीच्या काळात रोजगार योजनांतून लहान गावांत बालवीरांसाठी ओंडक्यांची व दगडांची अनेक सभागृहे बांधली गेली, तरी बहुसंख्य पथके यजमानाच्याच जागेत भरत राहिली. या रचनेची किंमत अलीकडे कळून आली. एका शतकाहून अधिक काळ सर्वांत मोठा यजमान असलेल्या मॉर्मन चर्चने २०१९ च्या अखेरीस आपला संबंध संपवला आणि त्याबरोबर त्याच्या आवारातील हजारो पथके एकदम संपुष्टात आली. फेब्रुवारी २०२० मध्ये राष्ट्रीय संघटनेने लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांमुळे दिवाळखोरीचा अर्ज केल्यावर इतर चर्चही सनदीबाबत फेरविचार करू लागले.

भारतात ही चळवळ १९०९ मध्ये बंगळूर येथे आली ती युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरती. भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. त्याला उत्तर म्हणून ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी १९१६ मध्ये मद्रासला स्वतंत्र संघटना काढली. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांची सेवा समिती स्काऊट संघटना १९१८ मध्ये अलाहाबादला उभी राहिली. पहिलीचा आधार थिऑसॉफिस्टांच्या शाळा हा होता, तर दुसरीचे कार्यक्षेत्र मेळ्याचे मैदान. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल यांच्या भेटीनंतर बेझंट यांची संघटना मूळ चळवळीत विलीन झाली. अनेक फाटाफुटींनंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही एकत्रित संघटना अस्तित्वात आली आणि १९५१ मध्ये गाईड्सही तीत सामील झाल्या. या साऱ्या प्रवासात प्रांतोप्रांतीचे शिक्षण खाते आणि शाळा हेच चळवळीचे मुख्य वाहन राहिले.

महाराष्ट्रात लोकवर्गणीतून तरुणांसाठी जागा उभारण्याची परंपरा दुबळी होती, असे कोणी म्हणणार नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे आणि गावोगावच्या तालमी त्याहून जुन्या. हा उत्साह, हा पैसा आणि ही घाम गाळण्याची तयारी बालवीर पथकाच्या वाट्याला फारशी आली नाही, कारण ते पथक वस्तीचे नव्हते, शाळेचे होते. स्काऊटमास्तर हा शाळेचाच शिक्षक, बैठक शाळेच्याच मैदानावर आणि ध्वज, दोऱ्या व लाठ्या शाळेच्याच कपाटात. शिक्षकाची बदली झाली किंवा तो निवृत्त झाला की पथक अनेकदा तेथेच थांबे. पालकांची समिती, तिचा हिशेब, तिची भांडणे आणि तिचे छप्पर या गोष्टी घडण्याचा प्रसंगच येत नसे. पुण्यात १६ ऑक्टोबर १९६६ रोजी लेडी ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते गाईड्सचे ‘संगम’ हे जागतिक केंद्र सुरू झाले आणि जगभरातील मुली तेथे येऊन राहू लागल्या. त्याच शहरातील शाळकरी पथके मात्र शेवटची घंटा झाल्यावर रिकाम्या झालेल्या वर्गांतून आणि पटांगणांवर, शिपाई फाटक लावेपर्यंत, भरत राहिली.